पोलिसांच्या गाड्या सगळ्या एकदमच का म्हाताऱ्या होतात?

जिल्ह्यात पोलिसांना नव्या गाड्या मिळाल्या की फोटो ठरलेला असतो. पोलीस मुख्यालयाचं मैदान, पांढऱ्या बोलेरोंची रांग, बॉनेटवर झेंडूचे हार, पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतायत आणि बाजूला एसपी, कलेक्टर, दोन-चार आमदार. मग सात-आठ वर्षं जातात आणि त्याच जिल्ह्याच्या पेपरात बातमी येते की पोलिसांची गाडी धक्का मारून सुरू करावी लागते, आरोपीला कोर्टात न्यायला गाडी नाही, वगैरे. लोकांना वाटतं मधल्या काळात कोणीतरी पैसे खाल्ले. कधी खाल्लेही असतील, पण बहुतेक वेळा तसं काही न होताही हे असंच घडतं, कारण त्या रांगेतल्या गाड्या एका दिवशी आल्या होत्या म्हणून त्या साधारण एकाच वर्षी संपतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे देशाचं असं एक पोलीस दल नाहीये. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचं दल वेगळं, ताफा वेगळा, खरेदी वेगळी. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे केंद्राची दलं, त्यांचा खर्च केंद्र बघतं. पण तुमच्या गल्लीत येणारी गाडी राज्याची, म्हणून इथे मुख्यतः महाराष्ट्राबद्दल बोलतोय. आणि अजून एक, पोलीस ठाण्याच्या आवारात ज्या गंजलेल्या, चाकं बसलेल्या, वेली चढलेल्या गाड्या दिसतात ना, त्या पोलिसांच्या नसतात. तो मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात किंवा अपघातात जप्त झालेल्या गाड्या, कोर्टाच्या आदेशाची वाट बघत पडलेल्या. त्याच्यावरून ताफ्याचा अंदाज बांधू नका.

आता पैसा कुठून येतो ते बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पहिला रस्ता राज्याच्या गृह विभागाचं बजेट. दुसरा केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना, ही १९६९-७० पासून चालू आहे, नाव आणि नियम बदलत गेले. यात बहुतेक राज्यांना ६०:४० म्हणजे ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१०. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटींची छत्री योजना, म्हणजे अनेक योजना एकाच नावाखाली, मंजूर केली, आकडा ऐकून डोळे मोठे होतात, पण त्यात राज्यांच्या पोलिसांच्या आधुनिकीकरणाला ४,८४६ कोटी. तेही सगळ्या राज्यांत मिळून, पाच वर्षांत, आणि त्यात शस्त्रं, संगणक, वायरलेस, ट्रेनिंगचं साहित्य सगळंच आलं. गाड्या हा त्यातला एक तुकडा.

तिसरा रस्ता जिल्हा नियोजन समिती, ज्याला सगळे डीपीडीसी म्हणतात. झेंडूच्या हारवाल्या फोटोंतल्या बऱ्याच गाड्या इथून आलेल्या असतात, म्हणून तर झेंडा पालकमंत्र्यांच्या हातात. आणि चौथा म्हणजे खास निधी, महिला सुरक्षेच्या निर्भया फंडासारखे, किंवा एखाद्या कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या खर्चातून, दिलेल्या चार स्कूटर.

या चारही रस्त्यांमध्ये एक गोष्ट कॉमन आहे. पैसा थेंबथेंब येत नाही, लोटाने येतो. निवडणुकीच्या आधी येतो, मोठी घटना घडून गेल्यावर येतो, मार्चएंडला निधी परत जाईल म्हणून धावतपळत खर्च होतो. आधीचे पैसे नीट खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर केंद्राचा पुढचा हप्ता अडकतो, मग दोन वर्षं काहीच नाही, मग एकदम शंभर गाड्या.

आता एक हिशोब करू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा एका जिल्ह्यात १२० चारचाकी आहेत आणि एक गाडी पोलिसी वापरात ८ वर्षं धड चालते. मग दरवर्षी १५ गाड्या बदलल्या पाहिजेत. १० ते १२ लाखांची एक धरली तर दरवर्षी दीड-पावणेदोन कोटी, म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर काही फार नाही. पण पाच वर्षं काहीच घेतलं नाही तर ७५ गाड्यांचा बॅकलॉग, साडेसात ते नऊ कोटी एका झटक्यात, आणि एवढे कोणी देत नाही म्हणून ४० घेतल्या जातात, त्यांचा फोटो निघतो आणि उरलेल्या ३५ रखडत चालतात. बरं, समजा कोणी उदार झालं आणि ७५ च्या ७५ दिल्या, तरी प्रश्न सुटला नाही, फक्त आठ वर्षं पुढे ढकलला. त्या ७५ एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच वर्षी क्लच जाणार, एकाच वर्षी सस्पेन्शन बोंबलणार आणि एकाच वर्षी वर्कशॉपच्या दारात रांग लावणार. दिवाळीला घरातल्या सगळ्यांना एकदम चपला घेतल्या की सगळ्यांच्या एकदमच झिजतात, तसला प्रकार.

म्हणून ताफ्याचं सरासरी वय हा आकडा फसवा असतो. निम्म्या गाड्या एक वर्षाच्या आणि निम्म्या अकरा वर्षांच्या, सरासरी सहा, कागदावर एकदम ठीकठाक. प्रत्यक्षात अर्धा ताफा मरायला टेकलाय. विचारायचं तर वयवार विभागणी विचारायची, कुठल्या साली घेतलेल्या किती.

गाडी आली की खर्च संपला असंही नाही, उलट तिथून सुरू होतो. सरकारी हिशोबात गाडी खरेदीचं लेखाशीर्ष वेगळं आणि पेट्रोल-तेल-वंगणाचं वेगळं. झेंडा दाखवणारा निधी गाडीपुरता असतो, डिझेल त्याच्यात नाही, टायर नाहीत, बॅटरी नाही. महिन्याला २,००० किलोमीटर, लिटरला ११ चं ॲव्हरेज, ९० रुपये डिझेल असं साधं धरलं तरी वर्षाला जवळपास दोन लाखांचं नुसतं इंधन, आठ वर्षांत १६ लाख. गाडी होती १०-१२ लाखांची. म्हणजे जो देतो तो खर्चाचा छोटा तुकडा देतो आणि नाव त्याचं होतं, मोठा तुकडा एमटीवाल्यांच्या गळ्यात. एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट, सरकारी मराठीत मोटार परिवहन विभाग, पोलिसांतलं असं खातं ज्याच्याबद्दल कोणी कधी बातमी करत नाही आणि ज्याच्याशिवाय एकही बंदोबस्त लागत नाही.

आणि ड्रायव्हर. पोलिसांत चालकांची भरतीच वेगळी असते, पोलीस शिपाई चालक. एक गाडी चोवीस तास फिरवायची तर तीन पाळ्यांना तीन चालक, वर सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग, कोर्टाची तारीख धरून चार-साडेचार माणसं लागतात एका गाडीमागे. ५० गाड्या वाढवल्या आणि चालकांची पदं तेवढीच ठेवली तर काय होणार? कुठल्यातरी साध्या शिपायाला, ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्याला स्टिअरिंगवर बसवणार, आणि तपासाला किंवा गस्तीला जो एक माणूस मोकळा असायचा तो कमी झाला. गाड्या वाढल्या आणि माणसं कमी झाली, हे ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब सरळ आहे.

आता म्हातारपण ठरवायचं कसं? केंद्र सरकारच्या जुन्या नियमांत हलक्या गाडीला निर्लेखनासाठी साधारण साडेसहा वर्षं आणि दीड लाख किलोमीटर अशी मोजपट्टी होती, आणि यातलं जे नंतर पूर्ण होईल ते धरायचं. राज्यांचे आपापले असेच निकष असतात. निर्लेखन म्हणजे गाडी अधिकृतपणे बाद करणं. नियम पाहिलात तर वय झालं तरी किलोमीटर झाले नाहीत म्हणून गाडी बाद होत नाही, आणि बाद होत नाही तोवर तिच्या जागी दुसरी मागता येत नाही. मग गाडी कागदावर जिवंत आणि अंगणात उभी.

यात मोठा बदल झाला तो १ एप्रिल २०२३ ला. रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली की सरकारी मालकीच्या १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहणार नाही. केंद्र, राज्य, महापालिका, एसटीसारखी महामंडळं, सगळ्यांना लागू. नितीन गडकरींनी तेव्हा नऊ लाखांपेक्षा जास्त सरकारी गाड्या रस्त्यावरून जातील असं सांगितलं होतं. सूट फक्त देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्था, अंतर्गत सुरक्षेसाठी लागणाऱ्या खास गाड्यांना, म्हणजे चिलखती वगैरे. ठाण्याची साधी जीप त्यात बसत नाही. गाडी भंगारात काढायची तीही नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच, नेहमीच्या भंगारवाल्याला देता येत नाही. राज्यांनी जुन्या गाड्या काढाव्यात म्हणून केंद्राने भांडवली खर्चाच्या कर्जयोजनेत त्यासाठी प्रोत्साहनाचा भागही ठेवला.

नियम चांगलाच आहे, माझा विरोध नाही. पण १५ वर्षं ही धुराच्या आणि रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या हिशोबाने ठरलेली हद्द आहे, पोलिसी वापराच्या हिशोबाने नाही. पोलीस गाडी त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. धोका असा की खात्यांनी १५ हेच टार्गेट धरलं तर सात-आठ वर्षांनी बदलायची गाडी पंधराव्या वर्षापर्यंत ओढायला अधिकृत कारण मिळेल.

पोलिसांची गाडी लवकर का संपते हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे बऱ्याच लोकांचा, आणि काही अधिकाऱ्यांचाही, गोंधळ होतो. लॉगबुक काढून बघितलं तर दिवसाचे किलोमीटर ४०, ५५, ६२ असे. एवढ्याने कुठली गाडी मरते, असं कोणालाही वाटेल. पण ती गाडी उभी असताना काय करत होती हे लॉगबुकात नाही. नाकाबंदीला रात्री अकरा ते पहाटे चार उभी, इंजिन चालू. विसर्जनाच्या बंदोबस्ताला चोवीस तास चौकात, इंजिन चालू. का चालू? एक तर गाडीत बसलेल्यांना मे महिन्यात एसी लागतो, आणि दुसरं म्हणजे वर दिवे फिरतायत, वायरलेस सेट चालू आहे, ११२ या इमर्जन्सी नंबरचे कॉल दाखवणारा टॅब चालू आहे, हे सगळं एका बॅटरीवर. इंजिन बंद केलं तर तासा-दोन तासांत बॅटरी बसते आणि कॉल आला की गाडी सुरूच होत नाही. एकदा असं झालं की तो चालक परत कधी इंजिन बंद करत नाही, आणि त्याचं काय चुकलं?

अमेरिकेत फोर्ड कंपनी पोलिसांच्या गाड्यांसाठी ठोकताळा देते की एक तास उभ्याने इंजिन चाललं म्हणजे साधारण ३३ मैल, आपले ५३ किलोमीटर, गाडी पळाल्यासारखं धरा. आपल्या गाड्यांना तोच आकडा तंतोतंत लागू होईल असं नाही पण अंदाज येतो. रोज सहा तास उभ्याने इंजिन चाललं तर दिवसाला ३०० च्या वर किलोमीटरची झीज, वर्षाला लाखाच्या पलीकडे, आणि ओडोमीटर दाखवणार २० हजार. आता आठवा ती किलोमीटरवाली मोजपट्टी. गाडी आतून चार-पाच लाख किलोमीटर म्हातारी आणि कागद म्हणतो अजून दीड लाख झाले नाहीत. त्यामुळे खरं मोजायचं ते इंजिन अवर्स, तास. जेसीबी, जनरेटर, ट्रॅक्टर यांचा मेंटेनन्स सगळं जग तासांवर करतं. जीपीएस तर ११२ च्या गाड्यांमध्ये आहेच, त्यातून गाडी कधी चालू, कधी उभी हे काढणं काही रॉकेट सायन्स नाही.

नवीन गाड्यांमध्ये तर हा प्रश्न अजून बिकट झालाय, आणि हे फारसं कोणी बोलत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर बसला, डीपीएफ, जो काजळी अडवतो. काजळी साठली की गाडी स्वतःच एक्झॉस्ट तापवून ती जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात सलग पळायला हवी. हायवेवर फिरणाऱ्याला हे कळतही नाही. पण पोलीस गाडी? ठाण्यातून चौकात, चौकातून हॉस्पिटलला, हॉस्पिटलमधून परत, मध्ये तीन तास उभी. फिल्टर भरत जातो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. जुन्या जीपवर हात बसलेला चालक म्हणतो दिवा काय, लागतो कधीकधी. मग गाडी पॉवर तोडते, ॲक्सिलरेटर दाबला तरी पळत नाही. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथे पाना-स्क्रूड्रायव्हर भरपूर आणि स्कॅनर नाही, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, तिथे एस्टिमेट, एस्टिमेटला मंजुरी, मंजुरीला सही, सहीवाले साहेब बंदोबस्ताला. गाडी महिनाभर उभी. दोन वर्षांची गाडी बरं का.

याच्यावर उपाय अगदी साधे आहेत. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा तास नेऊन आणायची आणि त्याचं डिझेल लॉगबुकात मान्य करायचं, कारण आत्ता तसं कोणी केलं तर विनाकारण फिरवली म्हणून त्यालाच मेमो मिळेल. दिव्यांना आणि वायरलेसला वेगळी बॅटरी द्यायची. शहरात, जिथे गाडी उभीच जास्त असते, तिथे डिझेलचा हट्ट सोडून पेट्रोल घ्यायची. यातलं काहीच हिरवा झेंडा दाखवण्यासारखं नाही, हीच त्याची अडचण.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये पोलिसांकडे बीएमडब्ल्यूच्या शक्तिशाली डिझेल गाड्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये कंब्रियात एम-सिक्स मोटरवेवर अशाच एका गाडीचं इंजिन फुटून आग लागली आणि ती चालवणारा पोलीस कर्मचारी गेला. चौकशीत एन-५७ नावाच्या इंजिनाचा प्रश्न पुढे आला, आणि पोलीस ज्या पद्धतीने गाडी वापरतात, म्हणजे बराच वेळ उभ्याने इंजिन चालू आणि मग अचानक फुल स्पीड, त्याची चर्चा झाली. त्या इंजिनाच्या गाड्यांवर तिथल्या दलांनी बंधनं घातली आणि २०२३ च्या सुरुवातीला बीएमडब्ल्यू ब्रिटिश पोलिसांना गाड्या देणं थांबवणार अशी बातमी आली. म्हणजे महागडी गाडी घेतली की सुटलो, असंही नाही.

कुठली गाडी घ्यायची यावर चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची मतं असतात. बोलेरो एवढी का दिसते याचं कारण तिच्या रुपात नाही, मजबूत चॅसी, साधी बांधणी आणि तालुक्याच्या गावातही ती उघडता येणारा मेकॅनिक. पोलिसांसाठी हा सगळ्यात मोठा गुण आहे. खरी डोकेदुखी मॉडेल चांगलं की वाईट ही नाही, मॉडेल किती आहेत ही आहे. दर वेळी वेगळा निधी, वेगळी खरेदी, त्या दिवशी जो दर कमी तो पुरवठादार. आधी डीजीएसअँडडी या केंद्राच्या खरेदी खात्याचे ठरलेल्या दराचे रेट कॉन्ट्रॅक्ट असायचे, ते खातं ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झालं, आता सरकारी ऑनलाइन खरेदीचं जेम पोर्टल. एकाच मुख्यालयाच्या शेडमध्ये सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, इनोव्हा, एर्टिगा अशी जत्रा भरते, प्रत्येकीचे ब्रेक पॅड वेगळे, फिल्टर वेगळे. त्यात कंपनी मॉडेल बंद करते. क्वालिस २००५ ला गेली, सुमो २०१९ ला गेली, जिप्सीही साधारण त्याच सुमाराला सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. मग एका गाडीचे पार्ट काढून दुसरीला लावायचे. असं करता करता तीन गाड्यांच्या दोन होतात, आणि कागदावर मात्र तीनच राहतात.

गाड्या आल्या, डिझेल आहे, चालक आहे, तरी ठाण्याला गाडी नाही, असं पण होतं. कारण गाडी दुसरीकडेच असते. मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये निर्भया फंडातून महिला सुरक्षेसाठी २२० बोलेरो घेतल्या, शिवाय एर्टिगा, पल्सर आणि ॲक्टिवा. त्याच डिसेंबरमध्ये बातमी आली की यातल्या ४७ बोलेरो आमदार-खासदारांच्या एस्कॉर्टसाठी वळवल्या होत्या. गदारोळ झाला. यात राजकारण कोणाचं चुकलं ते तुम्ही तुमचं ठरवा, मला वेगळीच गोष्ट दिसते. व्हीआयपी बंदोबस्ताच्या गाड्यांची गरज ताफ्याच्या हिशोबात कधी प्रामाणिकपणे धरलीच जात नाही. गरज लिहिताना ठाणी, गस्त, महिला सुरक्षा असं लिहायचं, कारण त्याला निधी मिळतो, आणि प्रत्यक्षात एस्कॉर्ट लागला की नवीन, न बिघडणारी गाडीच काढायची, कारण साहेबांची गाडी रस्त्यात बंद पडून चालत नाही. त्यामुळे नवीन गाडी वर जाते आणि जुनी खाली ठाण्यात उतरते. जी गाडी सगळ्यात जास्त घासली जाणार तिथे सगळ्यात घासलेली गाडी.

खास गाड्यांचा विषय वेगळा आहे, तिथे प्रश्न जिवाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गाडीत होते ती साधी टोयोटा क्वालिस होती. दारावरचा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही. हल्लेखोर तीच क्वालिस घेऊन निघाले, टायर गेला तेव्हा सोडली आणि रस्त्यातली एक स्कोडा हिसकावली. त्यानंतर बुलेटप्रूफ गाड्यांची खरेदी झाली, महिंद्राची मार्क्समन मुंबईत दिसायला लागली, फोर्स वन ही राज्याची कमांडो तुकडी उभी राहिली. घटना घडली की पैसा येतो, असं वर म्हटलं त्याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण. पण अशी गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस उभी असते. जड असते, ब्रेकिंग वेगळं, वळण वेगळं, ती चालवायची सवय वेगळी लागते. दर आठवड्याला ती फिरवली नाही आणि चालकाला तिच्यावर सराव दिला नाही तर ऐनवेळी बॅटरी डाउन.

गडचिरोलीत तर गणित अजूनच उलटं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनालाच, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक मारले गेले. ते खासगी वाहनातून निघाले होते. लगेच सगळे म्हणाले सुरुंगरोधक गाड्या द्या. पण अशा गाड्यांनाही मर्यादा आहेत, स्फोटकं वाढवली की तीही उलटते, ६ एप्रिल २०१० ला दंतेवाड्यात ७६ जवान गेले त्या हल्ल्यात सुरुंगरोधक गाडीसुद्धा उडवली गेली होती. म्हणून तिथल्या जवानांचा जुना नियम आहे की शक्यतो पायी जायचं, रस्ता सोडून. तिथे आधुनिकीकरण म्हणजे कधी मोटारसायकल असते, कधी हेलिकॉप्टर आणि कधी डांबरी रस्ता आणि पूल, कारण डांबराखाली सुरुंग पेरणं कच्च्या रस्त्याएवढं सोपं नसतं.

इलेक्ट्रिक गाड्यांचं काय, हा प्रश्न येतोच. महाराष्ट्र सरकारने १ जानेवारी २०२२ पासून सरकारसाठी नवीन गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायचं ठरवलं होतं. पोलिसांसाठी इलेक्ट्रिक गाडी एका बाबतीत फारच सोयीची, कारण उभ्याने जे काही इंजिन जळतं ते सगळं वाचतं, दिवे आणि वायरलेस आणि एसी मोठ्या बॅटरीवर तासन् तास चालतात, डीपीएफ नाही, काजळी नाही. शहरातली गस्त, ट्रॅफिक, दामिनी पथक, बीट मार्शलच्या दुचाक्या, इथे लगेच सुरू करता येईल. अडचण चोवीस तासवाल्या गाडीची. एका पाळीचा माणूस उतरला की दुसऱ्या पाळीचा चढतो, चार्जिंगला वेळ कधी? म्हणजे ठाण्याच्या आवारात फास्ट चार्जर हवा, त्यासाठी वीज जोडणीचा लोड वाढवायला हवा, आणि आवारात जागा हवी, जी मुद्देमालाने व्यापलेली आहे. हसू नका, खरंच जागा हा मोठा प्रश्न आहे.

दुसरा पर्याय म्हणजे भाड्याने घेणं. केनियाने २०१३ पासून पोलिसांसाठी हजारो गाड्या लीजवर घेतल्या, मेंटेनन्स लीज कंपनीकडे, ठराविक वर्षांनी गाडी परत आणि नवीन गाडी. कल्पना मला आवडते, कारण त्यात लोटाने येणारा खर्च महिन्याच्या हप्त्यात बदलतो आणि गाडी बदलायची तारीख आधीच करारात लिहिलेली असते. पण हप्ता थकला की काय, हा प्रश्न आहेच, आणि आपल्याकडे सरकारी बिलं किती वेळेत निघतात ते कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. शिवाय आपल्याकडे ऑफिसांना भाड्याच्या गाड्या खासगी ड्रायव्हरसकट मिळतात, साहेबांच्या मीटिंगला ते ठीक, पण आरोपीचा पाठलाग करायला खासगी ड्रायव्हर चालणार नाही. गाडी भाड्याची, चालक खात्याचा, असं केलं तर जमू शकतं. माझ्या मते निदान एसपी ऑफिस आणि मुख्यालयातल्या कामाच्या गाड्या लीजवर टाकाव्यात आणि खरेदीचा पैसा पूर्ण ठाण्यांकडे वळवावा.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र याच्यातली कुठलीच नाही. दरवर्षी ताफ्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढ्या गाड्या बदलायच्या, न चुकता, निवडणूक असो नसो, आणि खरेदीबरोबरच पुढच्या आठ वर्षांचं डिझेल, टायर आणि चालकांची पदं त्याच कागदावर मंजूर करायची. ३० गाड्यांचे पैसे आले तर २२ घ्या आणि उरलेल्यात स्कॅनर, बॅटऱ्या आणि वर्कशॉपचं ट्रेनिंग करा. हे करणाऱ्या एसपीला टाळ्या मिळणार नाहीत, उलट आठ गाड्या कमी का आल्या म्हणून डीपीडीसीच्या बैठकीत कोणीतरी आमदार उठून बोलेल.

तुमच्या जिल्ह्यात पुढच्या वेळी झेंडा दाखवायचा कार्यक्रम झाला आणि तुम्हाला खरंच रस असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे. एसपी ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे चार गोष्टी मागा. चारचाकी वाहनांची खरेदीच्या वर्षानुसार संख्या, आज दुरुस्तीअभावी बंद असलेल्या गाड्या किती आणि किती दिवसांपासून, पोलीस शिपाई चालकांची मंजूर पदं आणि भरलेली पदं, आणि गेल्या तीन वर्षांत इंधन व दुरुस्तीसाठी मागितलेली आणि मिळालेली रक्कम. कुठली गाडी कोणाच्या बंदोबस्ताला असते हे विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन ते नाकारतील आणि त्यात त्यांचं फार चुकणारही नाही. उत्तर आलं की पहिला तक्ता आधी बघा, कुठल्या साली किती घेतल्या तो. एखाद्या वर्षासमोर मोठा आकडा आणि आजूबाजूला तीन-चार वर्षं शून्य दिसली, तर त्या मोठ्या आकड्यात आठ मिळवा. त्या वर्षी तुमच्या जिल्ह्यात गाड्या धक्का मारून सुरू होणार आहेत.